दोनच शब्द, सिस्टर

सिस्टर, मला पुन्हा पडद्यामागं बसवलंय.

काल दुपारी कॉलेजच्या फलकावर तिसऱ्या वर्षाची यादी लागली. दुसऱ्या वर्षी अभिनयाच्या प्रात्यक्षिकात निम्म्याहून कमी गुण मिळाले, तर तिसऱ्या वर्षी अभिनय घेता येत नाही. रंगमंच-व्यवस्था घ्यावी लागते, म्हणजे दिवे, सामान, पडदा आणि संवादांची वही. माझं नाव त्या खालच्या यादीत आहे आणि पहिलंच आहे. मला विसापैकी नऊ मिळाले. फेरतपासणीचा अर्ज शनिवारपर्यंत द्यायचाय. तो कोरा माझ्यासमोर पडलाय, आणि तो भरायचा सोडून मी तुम्हाला लिहितेय, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली तरी. मराठीत लिहितेय, आणि मुद्दाम लिहितेय. कॉन्व्हेंटच्या वर्गात मराठीचा एक शब्द कानावर आला की तुम्ही बाकावर उभं करायचात. करा आता.

बासष्टाव्या वर्षी मी कॉलेजात काय करतेय, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला नाव घातलं होतं. पुढे अंबरनाथच्याच एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. टायपिस्ट म्हणून लागले, मोठ्या साहेबांची सेक्रेटरी म्हणून बाहेर पडले. काम काय होतं? मीटिंगमध्ये साहेब बोलता बोलता अडायचे, त्यांची खुर्ची जराशी माझ्या बाजूला वळायची, आणि मी मान वर न करता दोन शब्द सरकवायची. साहेब पुढे बोलायला लागायचे. सगळे म्हणायचे, काय स्मरणशक्ती आहे साहेबांची! निरोपसमारंभातही त्यांनी माझ्याबद्दल छान भाषण केलं. ते मीच लिहिलेलं होतं.

तर साठीला घरी बसले आणि त्याच जूनमध्ये उल्हासनगरच्या एका कॉलेजात नाट्य आणि नृत्य या विषयांत बी.ए.ला प्रवेश घेतला. वयाची अट नव्हती. मुलाखतीला बसलेल्या बाईंनी विचारलं, "या वयात कशासाठी?" म्हटलं, नाटकांत म्हाताऱ्या बायका असतात की नाही? एकोणीस वर्षांच्या पोरी केसांना टाल्कम पावडर लावून त्या करतात आणि कमरेवर हात ठेवून चालतात. कमरेवर हात ठेवून मी एकदाही चाललेली नाही. कुणीतरी हे नीट करायला नको का? त्या हसल्या आणि त्यांनी सही केली.

तेव्हापासून मी रोज सकाळी अंबरनाथ पश्चिमेहून शेअर रिक्षा पकडते आणि उल्हासनगरच्या कॅम्पात उतरते. माझे यजमान दार लावताना म्हणतात, "कॉलेजकुमारी, डबा घेतला का?" नाटक शिकवणारे आमचे सर माझ्या मुलाहून लहान आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला "काकू, तुम्ही खुर्चीवर बसा" म्हटलं. मी म्हटलं, "सर, हजेरीपटावर माझं नाव आहे, काकू नाही. आणि बाकीचे जमिनीवर बसणार असतील तर मीही जमिनीवर." बसले. उठताना दोघांनी हात दिला, ती गोष्ट वेगळी.

नृत्याला आम्हाला कथक आहे. तुम्हाला हे ऐकून मजा वाटेल. तुम्ही सहा वर्षं आम्हाला पायांचा आवाज न करता चालायला शिकवलंत. चॅपलच्या व्हरांड्यातून टाच टेकली तरी तुमची मान वळायची. आता माझ्या पायाचा आवाज येत नाही म्हणून माझे गुण जातात. नृत्याच्या मॅडम म्हणतात, "जमिनीला विनंती करू नका हो, सांगा तिला!" पहिल्या वर्षी गुडघ्यानं अगदीच असहकार पुकारला, तेव्हा त्यांनी मला तबल्याशेजारी बसवून बोल म्हणायला लावले. नाचणारी मुलगी नाचते आणि बाजूला बसलेलं कुणीतरी हातावर टाळी देत ते बोल मोठ्यानं म्हणतं. मला सगळे बोल पाठ होते. पण तोंडातून निघाली ती तुम्ही शिकवलेली कुजबूज. मॅडम ओरडल्या, "शेवटच्या रांगेला ऐकू येऊ दे!" सिस्टर, शेवटच्या रांगेत माझी आई बसायची.

हे तुम्हाला ठाऊक नसेल. आईला पुढच्या रांगेत बसायचा संकोच वाटायचा. तिथं कारखान्यांतल्या अधिकाऱ्यांच्या बायका असत, आणि माझे वडील फिटर. दर वर्षी अ‍ॅन्युअल डेला ती इस्त्रीची साडी नेसून यायची आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायची. सहावीत तुम्ही मला पहिल्यांदा विंगेत स्टुलावर बसवलंत, हातात वही आणि छोटी बॅटरी दिलीत. घरी जाताना आईनं विचारलं, "तू होतीस कुठं?"

"आत."

"आत म्हणजे?"

"पडद्यामागं. कुणी विसरलं की मी सांगते."

ती थोडी चालली आणि म्हणाली, "तरीच. आवाज आला मला तुझा." आई पोराचं मन राखायला म्हणते तसं म्हणाली, असं मी धरून चालले. मागच्या बाकापर्यंत कुजबूज कशी पोचणार? पुढच्याही वर्षी ती तेच म्हणाली, आणि त्याच्या पुढच्याही.

तुम्ही मला शिकवलंत तेवढं नीट नंतर कुणीच काही शिकवलं नाही, हे मी रागातही मान्य करते. बोलणारीच्या एक ओळ पुढं डोळे ठेवायचे. ती थांबली म्हणून लगेच सांगायचं नाही, थांबणं अभिनयाचंही असू शकतं. तिचा श्वास बघायचा. श्वास आत गेला आणि शब्द बाहेर आला नाही, तर ती विसरलीये. मग दोनच शब्द, जास्त नाहीत. पूर्ण वाक्य दिलं की नट आळशी होतो. शब्द पुढं फेकायचे नाहीत, तिच्या पायाशी टाकायचे. पहिल्यांदा मी जोरात फुसफुसले तेव्हा तुम्ही माझा कान धरून म्हणालात, "गर्ल, यू आर नॉट अ स्नेक." तिसऱ्या तालमीपर्यंत मला सगळ्यांची सगळी वाक्यं येत असत. आणि दर वर्षी मी विचारायची, सिस्टर, मला एखादं काम? लहानसं? दर वर्षी तुम्ही म्हणायचात की तुझ्याशिवाय नाटक चालत नाही. मला नाटक चालवायचं नव्हतं. मला नाटकात चालायचं होतं.

आणि त्याचा परिणाम बघा. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेसाठी आमच्या वर्गानं स्वतःच एक नाटक रचलं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका पाड्याची गोष्ट. त्यासाठी सर आम्हाला बारवी धरणाच्या बाजूला घेऊन गेले, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी आम्ही बोललो. मला काम मिळालं आईचं. आई पूर्ण नाटकभर सुपात तांदूळ निवडत बसलेली असते आणि एक अक्षर बोलत नाही. मुलगी खूप वर्षांनी येते आणि पाण्याकडे बघत बुडालेलं घर सांगत जाते, उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत एकेक वस्तू. ते तिचं लांब स्वगत. ते संपल्यावर आई पहिल्यांदा तोंड उघडते आणि चार वाक्यं बोलते. सगळं नाटक त्या न बोलण्यावर उभं आहे, असं सर शंभरदा म्हणाले.

तिसऱ्या तालमीला त्यांनी हात वर केला. "थांबा. तुमचे ओठ हलतायत."

"माझे?"

"ती बोलते तेव्हा तुम्ही पण बोलताय. बिनआवाजाचं."

मी म्हटलं, शक्यच नाही. वर्गातल्या एका पोरानं मोबाइलवर शूटिंग दाखवलं. सिस्टर, मी ते दोनदा बघितलं. मुलीचं एकेक वाक्य माझ्या ओठांवर तिच्या आधी येत होतं. अर्ध्या श्वासानं आधी. सर गंभीरपणे म्हणाले, "परीक्षेत हे झालं तर गुण जातीलच, पण पुढच्या वर्षी अभिनयही जाईल. बघा काय ते." मी दोन दिवस तुम्हाला मनातल्या मनात इतकं बोलले की त्यातलं इथं लिहीत नाही.

मुलीचं काम करणारी उल्हासनगरचीच, सिंधी घरातली. वडिलांचं कपड्याचं दुकान आहे. ती कॉलेजात अकाउंट्स शिकते असं वडील दुकानात सांगायचे, कारण खरं सांगायला त्यांना लाज वाटायची. आधी ती मला आंटी म्हणायची. आंटी म्हणालीस तर नोट्स मिळणार नाहीत, असं सांगितल्यावर अदी म्हणायला लागली. त्यांच्यात थोरल्या बहिणीला अदी म्हणतात. मी हरकत घेतली नाही. तिनं मला उपाय सांगितला, "अदी, मुँह में लौंग रखो ना. माझी नानी पाठ करताना झोपायची, तर ती ठेवायची." ठेवली लवंग. ओठ हलायचे थांबले नाहीत, फक्त तोंड बधिर झालं.

शेवटी यजमानांनी मनावर घेतलं. रोज सकाळी चहानंतर ते स्वगताचा कागद घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि बँकेत पासबुक वाचावं तसे वाचायचे. "उंबरा ओलांडला की. डावीकडे. पाण्याचा माठ." माझे ओठ हलले की चमच्यानं कपावर टिंग. "हलले!"

"नाही हलले."

"अगं, डावा कोपरा हलला. मुलगी म्हणून मी शोभत नाही, हे मला कळतं. पण तू आई म्हणून तरी गप्प बस."

तीन आठवडे टिंग-टिंग चाललं. शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे पूजा सांगितलीये. परीक्षेच्या आदल्या दिवशी यजमानांनी पूर्ण कागद वाचला आणि चमचा एकदाही उचलला नाही. मग कप बाजूला ठेवून म्हणाले, "जमलं तुला. पण खरं सांगू? आधी जास्त बरी दिसत होतीस." पुरुषांना नेमकं काय, केव्हा बोलू नये, हे कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

परीक्षेच्या दिवशी मुलीचे वडील आले. पहिल्यांदाच. दुकान बंद करून आले होते आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते, उठून जायला सोपं पडेल असे. आत येऊन तिनं मला सांगितलं, "अदी, पप्पा आले." बाहेरून परीक्षक आले होते, ते वही उघडून बसले. नाटक सुरू झालं. मी सुपात तांदूळ निवडत होते, तोंडावर सगळा उजेड, ओठ दगडासारखे. तिनं स्वगत सुरू केलं. उंबरा झाला, माठ झाला, दिव्याचा कोनाडा झाला. पोर फार छान बोलत होती, माझ्यापेक्षा छान, हे कबूल करायला मला त्रास होतो. चुलीपर्यंत आली. "चुलीमागं आईनं मुरत घातलेली खारी लिंबं," म्हणाली. आणि तिचा श्वास आत गेला.

शब्द बाहेर आला नाही.

कुणाला कळलं नसेल. लोकांना वाटलं, थांबलीये. पण मी तो श्वास ओळखते, सिस्टर, तुम्हीच मला ओळखायला शिकवलंत. तिची नजर पाण्यावरून हलली, ते पाणी म्हणजे दुसरी रांग. तिथं तिचे वडील. त्यांचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता. मला समोर सगळं दिसत होतं, परीक्षकांची पेन्सिल, सरांचा चेहरा, आणि पुढचे शब्दही दिसत होते, जणू वहीवर बॅटरी धरलेली. मी गप्प राहिले असते तर माझं काम उत्तम झालं असतं. आई गप्पच असते.

"मागच्या दारी," मी म्हटलं. दोनच शब्द. पुढं फेकले नाहीत, तिच्या पायाशी टाकले.

"मागच्या दारी शेवगा," ती म्हणाली आणि सुटली. शेवटपर्यंत एकदाही अडली नाही. संपल्यावर माझी चार वाक्यं मी बोलले. चांगली बोलले, पण ती आता पहिली राहिली नव्हती. पडदा पडला तेव्हा तिचे वडील बसलेले होते.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला तेच विचारलं. "या पात्राचं मौन हा नाटकाचा कणा आहे. तुम्ही तो मधेच मोडलात. का?" सर खाली बघत होते. त्यांना माझी ओठांची गोष्ट माहीत होती, त्यांना वाटलं तीच उफाळून आली. एका वाक्यात सांगता आलं असतं, की मुलगी विसरली होती. मग तिचे गुण गेले असते. मी म्हटलं, "माझी चूक. जुनी सवय आहे." परीक्षकांनी लिहिलं काहीतरी. मौनाला विसापैकी नऊ.

काल यादी बघून ती डबा घेऊन माझ्या घरी आली. तिच्या आईनं केलेलं दाल-पकवान. रडवेली झाली होती. "अदी, तुम्ही त्यांना बोलले का नाही? मी बोलते सरांना. मी सांगते मी भूलली म्हणून."

"सांगितलंस तर तुझं माझं भांडण."

"पण तुमचं अ‍ॅक्टिंग गेलं ना!"

"पप्पा काय म्हणाले?"

तिनं डोळे पुसले. "दुकानात सांगितलं त्यांनी. सगळ्यांना. माझी मुलगी नाटक शिकते."

"मग खा," म्हटलं. "पकवान मऊ पडलं की खाण्यात अर्थ नसतो." ती गेल्यावर मी अर्ज समोर घेतला. कारण लिहायच्या ओळीवर पेन टेकवलं आणि तिथंच थांबले, कारण मला नववीतलं ते नाटक आठवलं. खरं तर आठवलं म्हणणं चूक आहे. ते विसरलेच कधी होते?

राणीचं नाटक, तुम्हीच लिहिलेलं. राणीचं काम एका अधिकाऱ्याच्या मुलीला, सॅटिनचा झगा तिच्या घरूनच आला होता. मुलगी वाईट नव्हती. डब्यातला केक तिनं मला दोनदा दिला होता. त्या वर्षी आईनं मला निळा फ्रॉक शिवला, अ‍ॅन्युअल डेला घालायला. मी तो घालून आले. मेकअपला बसलेल्या त्या मुलीनं आरशातून बघितलं आणि अगदी सहज, खरंच सहज म्हणाली, "व्हाय द न्यू फ्रॉक? नोबडी सीज यू." बाकीच्या हसल्या. शेवटच्या प्रवेशात राणीला म्हणायचं होतं की दरवाजे उघडा, मग पुठ्ठ्याचे भाले घेतलेल्या मुली आत येणार. तिथं ती अडली. श्वास आत गेला. तिनं विंगेकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, सिस्टर. तेव्हा तिला मी दिसले.

मी इतकी वर्षं ही गोष्ट अशी सांगत आले, की सभागृहात गोंगाट होता, मी सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही. यजमानांनाही अशीच सांगितली आहे. गोंगाट नव्हता. मी सांगितलं नाही. बॅटरी त्या ओळीवर धरलेली होती, आणि मी ओठ घट्ट मिटून बसले होते. तेव्हा कुणी चमचा वाजवायची गरज पडली नाही. भाले घेतलेल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, राणीचे वडील उठून बाहेर गेले. तुम्ही येऊन स्वतः पडदा ओढलात.

घरी जाताना आईनं माझ्या निळ्या फ्रॉकची कॉलर सारखी केली. मग म्हणाली, "आज तुझा आवाज नाही आला."

तेवढंच. ती खरंच ऐकत होती, दर वर्षी, मागच्या बाकावरून. पुढे तिनं हा विषय कधी काढला नाही, मीही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. टेबलावर तुम्ही चॅपलच्या मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण सुरीनं खरवडत होतात. काय झालं, विचारलंत. मी उभी राहिले आणि म्हटलं, "शी कुड नॉट हिअर मी, सिस्टर." उच्चार स्वच्छ, कुठं अडखळले नाही. तुमची सुरी थांबली. तुम्ही मंगळूरकडच्या, मराठी तुम्ही फक्त झाडूवाल्या मावशींशी बोलायचात, तेही कामापुरतं. माझ्याशी एकदाही बोलला नव्हतात. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणालात, "बरोबर बोलली तू. एकदम बरोबर इंग्लिश." आणि पुन्हा मेण खरवडायला लागलात.

ते कौतुक होतं की काय होतं, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. कळून घ्यायला लागला. पुढच्या वर्षी, दहावीत, मला वाटलं आता विंगेतून तरी सुटका होईल. माझ्यावर कुणी वही सोपवणार नाही. तालमीच्या पहिल्याच दिवशी तुम्ही तेच स्टूल, तीच बॅटरी माझ्यापुढं ठेवलीत. मला वाटलं शिक्षा आहे. एवढी वर्षं मी तीच तक्रार करत आले, की शेवटच्या वर्षीही बाईनं मला पडद्यामागंच बसवलं. काल पेन टेकवून बसले तेव्हा पहिल्यांदा उलट्या बाजूनं बघितलं. तुम्हाला माहीत होतं मी काय केलं. आणि सगळ्या नाटकाची वही तुम्ही माझ्याच हातात दिलीत. मी असते तर दिली नसती. त्या वर्षी एकही मुलगी अडली नाही, हे तुम्हाला आठवत असेल. अडली असती तर मी काय केलं असतं, हे मला तेव्हा माहीत होतं. तुम्हाला मात्र नक्की माहीत नव्हतं, तरी दिलीत.

ती राणी बदलापूरला राहते. गेल्या वर्षी भाजीबाजारात तिनं मला ओळखलं. "तू ती प्रॉम्प्टर ना?" म्हणून मिठीच मारली. मग स्वतःच हसत म्हणाली, "काय मंद होते गं मी! सगळं विसरून उभी! नातवंडांना सांगते मी, तुमची आजी राणी होती आणि दरवाजा उघडायलाच विसरली." तिच्याबरोबर मीही हसले, सिस्टर. हातातल्या मेथीच्या जुडीकडे बघत चांगली मोठ्यानं हसले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

अर्ज मी भरणार नाही. सोमवारी रंगमंच-व्यवस्थेच्या वर्गात जाऊन बसेन आणि सरांना सांगेन, की वही मी सांभाळते, पण खुर्ची नको, स्टूल द्या. ते मला काकू म्हणाले तर त्यांची मात्र खैर नाही. राणीकडे जाईन की नाही, हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं नव्हतं, अजूनही ठरलेलं नाही. बदलापूर म्हणजे काही परदेश नाही, एवढं मला कळतं.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. पण सुरुवातीला मी म्हटलं की तुम्हाला डिवचायला मुद्दाम मराठीत लिहितेय, ते तेवढं खरं नाही. इंग्रजीत लिहायला बसले असते तर मी पुन्हा एकदम बरोबर लिहिलं असतं.